ठाणे खाडीवरील दगडी रेल्वेपूल

ठाणे खाडीवरील दगडी रेल्वेपूल : ठाणे आणि कळवा यांच्या दरम्यान साष्टी बेट व मुख्यभूमी यांना जोडणारा, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीने बांधलेला आणि १ मे १८५४ रोजी ठाणे–कल्याण मार्गाबरोबर वाहतुकीस खुला झालेला कमानींचा पूल. भारतातील अगदी सुरुवातीच्या रेल्वेपुलांमध्ये त्याची गणना होते. जुन्या इंग्रजी लेखनात त्याला ‘व्हायाडक्ट’ म्हटलेले आढळते, आणि खाडी येथे दोन टप्प्यांत ओलांडावी लागत असल्यामुळे हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो. मराठीत व्हायाडक्टला वेगळा रूढ शब्द नाही. ओळीने उभ्या केलेल्या अनेक कमानींवरून रूळ नेणारा लांब पूल, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

१६ एप्रिल १८५३ हा दिवस ठाणेकरांना पाठ आहे. त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची आणि सुमारे ४०० निमंत्रितांची गाडी ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या तीन इंजिनांनी ओढत ठाण्याला आणली. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर २१ मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचे. शाळेच्या पुस्तकात ही हकिगत येते आणि ती तिथेच थांबते. मात्र ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व कडेवर वसलेले शहर आहे, ही साधी भौगोलिक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या गाडीचे वेगळेच चित्र समोर येते. ती गाडी मुंबई बेटावरून निघाली आणि साष्टी बेटाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. समोर खाडी होती, आणि खाडीपलीकडे कल्याण, नाशिक, खानदेश, वऱ्हाड, पुणे असा सारा मुलूख पसरलेला होता. त्या मुलखाकडे रुळांवरून पहिल्यांदा जाता आले ते पुढच्या वर्षी, या पुलामुळे. प्रस्तुत लेखकाच्या मते रेल्वेच्या इतिहासात ठाण्याचे मोठेपण गाडी तेथे पोहोचली त्या दिवसाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, ती तेथून पलीकडे गेली त्या दिवसाचे आहे.

स्थान

साष्टी बेटाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख, आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. दक्षिणेकडे, वाशी आणि ट्रॉम्बेजवळ, ठाण्याची खाडी चांगली रुंद आणि समुद्रासारखी भासते. उत्तरेकडे येता येता ती आकसत जाते आणि ठाणे शहराजवळ एका अरुंद फाट्याने उल्हासच्या खाडीला मिळते. पूल बांधायला हीच जागा सोयीची, कारण येथे पाण्याची रुंदी कमी आहे. हीच जागा पूर्वी नाक्याचीही होती. बेटावर येण्याजाण्याची वाट येथून जात असल्यामुळे पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीच्या मोहिमेत तो जिंकला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. किल्ला, होड्यांची तर आणि मागाहून रेल्वेपूल ही एकाच अरुंद पाण्याची तीन वेगवेगळ्या काळांतील रूपे म्हणता येतील.

खाडीच्या ठाण्याकडील काठावर चेंदणी कोळीवाडा आहे. रेल्वे या वस्तीच्या अंगावरूनच गेली आणि आजही कोळीवाड्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग रुळांच्या दोन्ही बाजूंना आहेत. शेजारच्या मीठ बंदर या नावावरून येथे एकेकाळी कोणता माल उतरत वा चढत असे हे आपोआप कळते. पलीकडे कळवा, त्याच्यामागे पारसिकचा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी खाडीला लगटून मुंब्रा. डोंगर आणि पाणी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीतून वाट काढावी लागणार हे पहिल्या पाहणीतच उघड झाले असणार.

पार्श्वभूमी

मुंबईहून ठाणे, कल्याण आणि तेथून घाटमाथा अशा लोहमार्गाची कल्पना १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या अभियंत्याने मांडली. मुंबईत नाना जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ मध्ये या प्रयत्नाला स्थानिक बळ दिले. पुढे १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने जीआयपी कंपनी स्थापन झाली आणि त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. पाच लाख पौंडांचे भांडवल आणि त्यावर पाच टक्के व्याजाची हमी, असे त्याचे स्वरूप होते. लंडनमधील भागधारकांना हमी मिळाली. तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडणार होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. सल्लागार अभियंता म्हणून रॉबर्ट स्टीफन्सन आणि मुख्य अभियंता म्हणून जेम्स जॉन बर्कली यांची नेमणूक झाली. बर्कली १८५० च्या आरंभी मुंबईत आला. मुंबई ते ठाणे या पहिल्या टप्प्याचे कंत्राट फेव्हिएल आणि फाउलर यांना मिळाले, आणि ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामास प्रारंभ झाला. रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर, ठरवले गेले. आज ज्याला आपण ब्रॉडगेज म्हणतो ते हेच.

या साऱ्या खटाटोपामागची ओढ कापसाची होती. वऱ्हाड-खानदेशातील कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून खाली येई आणि पनवेल, कल्याण यांसारख्या खाडीबंदरांतून पडावांत, म्हणजे शिडाच्या मालवाहू होड्यांत, चढून मुंबईला जाई. पावसाळ्यात वाटा बंद पडत, गोणी भिजत, माल महिनोन्‌महिने अडकून राहत असे. मुंबई आणि घाटमाथा यांच्यामध्ये पाण्याचा टप्पा होता तोवर मालाची ही चढउतार टळणार नव्हती. मुंबई आणि साष्टी यांच्यामधील दलदल भराव घालून आणि जुन्या शीव कॉजवेच्या अनुभवावर विसंबून ओलांडता आली. ठाण्याच्या खाडीचे तसे नव्हते. तिच्यातून होड्या जात होत्या, भरती-ओहोटीचे पाणी दोन्ही खाड्यांमध्ये खेळत होते, आणि भराव टाकून ती बुजवणे ना शक्य होते ना इष्ट. पूलच हवा होता.

रचना आणि बांधकाम

पुलाचा मुख्य भाग दगडी कमानींचा होता आणि होड्यांच्या वाटेवर, जिथे पाणी खोल व वाहते राहते तिथे, कमानीऐवजी लोखंडी गर्डरचा रुंद गाळा, म्हणजे दोन खांबांमधला मोकळा भाग, ठेवलेला होता. १८५० च्या दशकातील चित्रांत ही ठेवण स्पष्ट दिसते : दोन्ही बाजूंना एकसारख्या कमानींची रांग, मध्ये सपाट लोखंडी पट्टी आणि वर धूर सोडणारे इंजिन. असा मिश्र पूल का, याचे कारण कमानीच्या स्वभावात आहे. कमानीला रुंदी हवी तर उंचीही द्यावी लागते. रूळ मात्र सपाट आणि शक्य तितके खाली हवे असतात. डोलकाठी असलेल्या पडावाला जायला जागा ठेवायची आणि रुळांची पातळी फार चढवायची नाही, या दोन मागण्या दगडाने एकत्र भागत नाहीत. लोखंडाने भागतात.

उरलेल्या सर्व ठिकाणी दगडच श्रेयस्कर होता. ठाणे, कल्याण आणि मुंब्रा परिसरात काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, मुळीच वाण नाही. सह्याद्रीचा आणि कोकणपट्टीचा सारा डोंगर त्याचाच आहे. लोखंड विलायतेहून जहाजाने आणावे लागे आणि खाऱ्या हवेत ते गंजते. दगड शेजारच्या खाणीत मिळे, तो फोडणारे, घडवणारे आणि रचणारे कारागीर इथल्याच मातीतले होते. टाकीचे घाव देऊन दगडाला पाचरीसारखा आकार देणे, म्हणजे वरची बाजू थोडी रुंद व खालची थोडी अरुंद ठेवणे, हे कमानीच्या कामातले खरे कसब. लाकडाचा अर्धगोल साचा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी असे दगड रचत आणले जातात आणि माथ्यावर शेवटचा, कळीचा दगड ठोकून बसवला जातो. साचा काढला की प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो, आणि वरून जितके वजन येईल तितकी ती रेल घट्ट होते. आगगाडीसारखे जड आणि सरकते वजन वाहायला ही रचना योग्य ठरली, ती यामुळे. कमानीच्या पाठीवर भरलेली माती व खडी इंजिनाचा दणका पसरवून घेते आणि चुन्याचे सांधे सिमेंटसारखे कडक नसल्यामुळे बारीकसारीक हालचाल सहन करतात.

चुना हा या बांधकामाचा दुसरा आधार होता. भट्टीत भाजलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, चुन्याच्या घाणीत मळून केलेला मसाला हाताला लोण्यासारखा मऊ लागतो, आणि वर्षानुवर्षे हवेतला वायू शोषत दगड होत जातो. त्यात हयगय झाली तर काय होते, याचा धडा जीआयपीला घाटात मिळाला. भोर घाटातील एक मोठा दगडी व्हायाडक्ट १८६७ च्या जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात कोसळला. बाहेरून ताशीव दगडांचा दिसणारा खांब आतून निकृष्ट भरणीचा असेल तर तो टिकत नाही, हे त्यानंतर कंपनीला मान्य करावे लागले आणि अनेक जुनी दगडी बांधकामे पुन्हा तपासून नव्याने उभारावी लागली.

खाडीतले काम नदीतल्या कामाहून अवघड असते. नदी पावसाळा संपला की आटते. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, बारा महिने. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या वेळी पाण्याची चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत खालीही जाते. अष्टमीच्या आसपास, कोळी ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, हालचाल मंद असते. पाया खोदणाऱ्याला खडक उघडा मिळतो तो उधाणाच्या ओहोटीत, पण अगदी थोडा वेळ. भांगात पाणी शांत असते पण तळ दिसत नाही. त्यामुळे खाडीतला कोणताही पाया घड्याळापेक्षा तिथीवर चालतो, आणि हे गणित काठावरच्या कोळ्याला जितके तोंडपाठ असते तितके ते परदेशातून आलेल्या अभियंत्याला असणे शक्य नव्हते. खांब चिखलावर उभा राहत नाही. चिखल काढून खालच्या खडकाला भिडावे लागते. त्यावर रचलेल्या खांबाला दोन्ही दिशांनी वाहणारे पाणी झेलावे लागते, कारण खाडीचा प्रवाह सहा तासांनी उलटतो. नदीच्या पुलाला वरच्या अंगालाच धार द्यावी लागते. खाडीच्या पुलाला ती दोन्ही अंगांना लागते.

पुलापुढचा मार्गही सोपा नव्हता. कळव्यापलीकडे पारसिकच्या डोंगरातून दोन आखूड बोगदे काढून रूळ मुंब्र्याच्या बाजूला नेले गेले. देशातील अगदी पहिल्या रेल्वे बोगद्यांपैकी ते होत. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली.

खाडीपलीकडे

कल्याण हाती आल्यावर रेल्वेला दोन वाटा फुटल्या. ईशान्येची वाट १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला पोहोचली. आग्नेयेची वाट १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला गेली. घाटमाथ्यावर खंडाळा–पुणे हा तुकडा १८५८ मध्येच तयार झाला होता, आणि १८६३ मध्ये भोर घाटाचा चढ खुला झाल्यावर मुंबई–पुणे सलग प्रवास शक्य झाला. या दोन्ही वाटांवरची प्रत्येक गाडी ठाण्याच्या खाडीवरून गेली. पश्चिम किनाऱ्याने सुरतेकडून येणारा मार्ग सोडला, तर मुंबईला देशाशी जोडणारे दार हे एकच होते. घाटांचे बोगदे आणि उंच पूल यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच आहे. परंतु त्या सर्व पराक्रमाला लागणारे रूळ, लोखंड आणि सुरुंगाची दारू याच पुलावरून वर गेले, ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

खाडीबंदरांचा व्यापार हळूहळू रेल्वेकडे वळला. पडाव लगेच थांबले नाहीत. वाळू, मीठ, कौले, लाकूड, गवत असा जड आणि स्वस्त माल पुढेही दीर्घकाळ पाण्यानेच जात राहिला, आणि मुंब्र्याचे रेतीबंदर हे नाव त्या व्यवसायाची साक्ष देत आजही वापरात आहे.

नावाचा घोळ

या पुलाची म्हणून जी जुनी चित्रे आज सर्वत्र दिसतात, त्यांच्याखाली पुष्कळदा ‘डापुरी व्हायाडक्ट’ असे नाव असते. डापुरी म्हणजे दापोडी. हे गाव पुण्याजवळ मुळा नदीच्या काठी आहे आणि जीआयपीचा पुणे मार्ग तेथे मुळा ओलांडतो. त्यामुळे हे नाव ठाण्याच्या पुलाला लावताना वाचकाने सावध राहावे. प्रस्तुत नोंदीत ते वापरलेले नाही. ज्या पाण्यावर पूल आहे त्या पाण्याचे नाव पुरेसे आहे.

शेजारचा रस्तापूल

रेल्वेच्या पुलानंतर काही वर्षांतच, १८६३ मध्ये, ठाणे आणि कळवा यांच्यामध्ये रस्त्यासाठीही दगडी कमानींचा पूल बांधण्यात आला. ‘जुना कळवा पूल’ म्हणून ठाणेकर ज्याला ओळखतात तो हाच. दीडशे वर्षे त्याने बैलगाड्या, छकडे, मोटारी आणि अखेर मालट्रक वाहिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्यानंतर राज्यभरच्या जुन्या पुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कळव्याचा जुना पूलही त्याच महिन्यात वाहतुकीला बंद केला गेला. त्याच्या जोडीचा दुसरा पूल आधीपासून होताच. तारांनी तोललेला तिसरा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला.

रेल्वेपुलावर पायी जाणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे. त्या काळच्या दगडी कामाची जवळून ओळख करून घ्यायची तर हा रस्तापूल काठावरून पाहावा. ओहोटीच्या वेळी खांबांच्या बुडाशी भरतीची रेघ दिसते : रेघेखाली कालवांचे खरखरीत थर आणि शेवाळ, रेघेवर पावसाने काळवंडलेला कोरा दगड. सांध्यांतून कुठे पिंपळाचे रोप डोके काढते. ते लहान असते तोवर देखणे वाटते, परंतु त्याची मुळे चुन्याच्या सांध्यात शिरून दगड सरकवतात, आणि दगडी पुलाला पुराच्या लोंढ्याखालोखाल धोका असतो तो या मुळांचा. वेळच्या वेळी रोपे उपटणे आणि सांधे भरणे एवढ्या साध्या निगराणीवर असे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. सांधे भरताना चुन्याऐवजी सिमेंट वापरण्याची घाई मात्र घातक ठरते, कारण कडक सिमेंट ओलावा आत कोंडते आणि हालचालीला वाव देत नाही.

पुढील बदल

रहदारी वाढत गेली तसे मूळ मार्गाच्या शेजारी नवे मार्ग आणि नवे पूल येत गेले. १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि जलद गाड्यांना मुंब्र्याचे वळण टाळून सरळ दिव्याकडे जाता येऊ लागले. मुंब्र्याकडची जुनी वाट धीम्या गाड्यांकडे राहिली. १ जुलै १९२५ रोजी जीआयपी सरकारच्या ताब्यात आली. विजेच्या गाड्यांसाठी खाडीवर तारा आल्या आणि १९२९–३० मध्ये विद्युतीकरण पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचले. ५ नोव्हेंबर १९५१ पासून हा मार्ग मध्य रेल्वेचा भाग आहे.

नव्या मुंबईशी या जागेचा संबंध जुळला तो २००४ मध्ये. त्या वर्षी सुरू झालेली ठाणे–तुर्भे गाडी ठाण्याहून निघून कळव्याच्या बाजूला खाडी ओलांडते आणि मग दक्षिणेस वळून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाते. म्हणजे ऐरोलीच्या प्रवाशालाही ठाण्यात यायला हेच पाणी ओलांडावे लागते. ठाणे खाडीवरची दुसरी रेल्वेवाट मानखुर्द आणि वाशी यांच्या दरम्यान, खाडीच्या रुंद भागावर, १९९२ मध्ये झाली. पहिल्या वाटेनंतर दुसरी येईपर्यंत १३८ वर्षे गेली, यावरून पहिलीची जागा किती नेमकी हेरली होती ते दिसते. ठाणे–दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. सुमारे ६२० कोटी रुपयांच्या त्या कामात १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, ३ मोठे आणि २१ छोटे पूल होते.

खाडीही बदलली आहे. भराव, सांडपाणी आणि गाळ यांनी ठाण्याजवळचे पात्र उथळ झाले असून ज्या गाळ्याखालून शिडाचे पडाव जात, त्या भागात आता कांदळवन पुढे सरकले आहे. खालच्या अंगाचा भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. धावत्या लोकलमधून निर्माल्याच्या पिशव्या खाडीत भिरकावण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. पूल आला की रुळांचा आवाज पोकळ होतो, दाराशी उभी असलेली माणसे आपसूक बाहेर पाहतात, ओहोटी असेल तर चिखलाचा खारट वास डब्यात शिरतो, आणि काही सेकंदांत कळवा येते. एवढ्या अवधीत प्रवासी बेट सोडून मुख्यभूमीवर आलेला असतो.